खिशात काय घातलं?

"त्या दिवशी तुम्ही खिशात काय घातलंत?"

तृप्ती दारातूनच बोलली. चप्पलसुद्धा काढली नाही. झीशान पत्र्याच्या शेडमध्ये पतंगाचे दोर गुंडाळत बसला होता. पतंग म्हणजे संक्रांतीचे कागदी नव्हेत हं. खोलीभर कापडाचे, वारा भरला की धडधाकट माणसाला फरफटत नेणारे. गंगापूर धरणाच्या मागच्या माळावर तो आणि तृप्तीचा नवरा धनराज मिळून लोकांना ते उडवायला शिकवायचे. धनराज आता नाशिक रोडला घरी पलंगावर पडून होता. दसऱ्याच्या दिवशी पतंगानं त्याला उचललं आणि खडकावर आपटलं. कंबर मोडली. परत उभा राहील की नाही, डॉक्टर काही धड सांगत नव्हते.

"कसला खिसा, वहिनी?" झीशानची मान खालीच.

"मला वेडी समजू नका. टपरीवाल्या कोंडाजींनी डोळ्यांनी बघितलंय. धनराज विव्हळत पडला होता, आणि तुम्ही आधी चाकू काढलात. त्याच्या पट्ट्यावरचं काहीतरी कापलंत, खिशात घातलंत, आणि मग माणसाला हात लावलात!"

खरा माणूस असता तर यावर भडकला नसता? हा आपला दोर गुंडाळतोय. कोपऱ्यात त्याची बायको झेबा जेवणाचा डबा उघडत होती. 

तृप्तीला या खेळातलं काही कळत नव्हतं. अपघातानंतर लोकांकडून एवढंच कळलं, की पतंग आवरेनासा झाला तर उडवणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्यावर एक सुटका असते. तिला रिलीज म्हणतात. ती वापरली की पतंगाची ओढ जाते आणि तो नुसत्या लीशवर, म्हणजे कमरेच्या दोरीवर, लोळत पडतो. एका हाताचं काम. मग धनराजला ते का जमलं नाही? तो काय कालचा नवशिका होता?

तिनं तो पट्टा बघायला मागितला. झीशान आधी म्हणाला, धुवायला दिलाय. मग म्हणाला, कंपनीला पाठवला. तिसऱ्यांदा म्हणाला, फेकून दिला. घ्या! दवाखान्यातही तसंच. ती खोलीत शिरली, की दोघांचं बोलणं बंद. नवऱ्याला विचारलं तर त्याचं एकच पालुपद, "मला काही आठवत नाही गं." नवरा भोळा. दोस्ताचं नाव घ्यायला त्याची जीभ रेटत नसणार. शिकायला येणारे सगळे धनराजलाच विचारत यायचे, ते याला खुपत असणार. तृप्तीनं रात्रंदिवस हाच विचार केला होता आणि तिची खात्री पटली होती.

"चूक माझीच आहे," झीशान म्हणाला. "मी त्याचा रिलीज तपासला नाही."

"हे पाठ केलेलं सांगू नका. पहिल्या दिवसापासून ऐकतेय. मी इथून थेट पोलिसांत जातेय. तिथं दाखवा खिसा."

"जा, वहिनी."

एवढंच बोलला. तृप्तीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती स्कूटरकडे वळणार, तोच झेबानं डबा आदळला.

"जा काय जा? दोन पोरींचे अब्बा तुम्ही. तुम्ही जेलमध्ये जाणार आणि मी बघत बसू?"

"झेबा, नको. शप्पथ आहे तुला."

"खड्ड्यात गेली तुमची शप्पथ!" तिनं खुंटीवरच्या शर्टातून त्याचं पाकीट ओढलं. आतून घडी घातलेला कागद काढला आणि तृप्तीच्या हातावर उलटा केला. "घ्या, भाभी. पूजेचं आहे म्हणून यांना फेकवलं नाही."

लाल-पिवळा नाडा होता. मधोमध कापलेला. गाठी तशाच, घट्ट. कुंकू वाळून काळपट पडलेलं.

तृप्तीनं गाठी ओळखल्या. खंडेनवमीला तिनं घरातल्या सगळ्या वस्तूंची पूजा केली होती. बाईक, मिक्सर, शिवणयंत्र. पाटावर धनराजचा तो पट्टाही मांडला होता. नाडा कुठं बांधावा? पट्ट्यावर एक लाल मूठ छान उठून दिसत होती. तिच्याभोवती तिनं वेढे दिले होते. वर नवऱ्याला बजावलं होतं, दसरा झाल्याशिवाय नाडा सोडायचा नाही हं. अपशकुन होतो.

"ती लाल मूठ..." 

"तोच रिलीज, भाभी. ती मूठ पुढं ढकलायची असते. ती सरकलीच नाही."

तृप्तीनं नाडा मुठीत आवळला. म्हणजे आपणच. ज्या माणसाला काही होऊ नये म्हणून हात जोडले, त्याला आपणच बांधून ठेवलं.  मग एकदम ती झीशानवर उसळली, कारण दुसऱ्या कोणावर उसळणार?

"मग मला सांगायचं होतंत! शिव्या द्यायच्या होत्यात! इतके दिवस माझं ऐकून घेतलंत, लोकांचं ऐकून घेतलंत. आणि आधी चाकू का काढलात? तो माणूस तिथं मरत होता, तुम्हाला नाडा कापायची कसली घाई?"

झीशाननं पहिल्यांदा मान वर केली.

"मी त्याला उचलायलाच धावलो होतो, वहिनी. त्यानंच माझा हात धरला. म्हणाला, आधी हे काप. तृप्तीला दिसता कामा नये."