पापडावर शिकलेला कुत्रा

दीड वाजला तरी कावळा पानाला शिवेना. डेकच्या कठड्यावर खीर, वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं वाढून ठेवलेलं. नवऱ्याचं पहिलं वर्षश्राद्ध. सरलाबाई उपाशी, म्हणून अख्खं घर उपाशी. ओहायोत कावळ्यांना तोटा नाही, पण पान म्हणजे काय हे त्या मेल्यांना कोणी शिकवलेलं नाही.

मुलगा केदार हात जोडून उभा राहिला. "बाबा, आईला नीट सांभाळीन."

समोरच्या छपरावरच्या कावळ्याने मान फिरवली.

"त्यांना पटलं नाही," सून प्रीता म्हणाली.

गुरुजी पार्सिपनीहून व्हिडिओवर होते. "काकू, दर्भाचा कावळा करून पानाला लावला तरी चालतं."

"तुमच्या घरी चालवा. माझा माणूस गवताच्या तोंडाने जेवायचा नाही."

मग राग कुत्र्यावर निघाला. कुत्र्याचं नाव रेंजर, सरलाबाई त्याला रंजन म्हणत. केदारला नोकरी कॉम्प्युटरची आणि हौस शिकारीची. पुढच्या महिन्यात कुत्र्याचा पहिला हंगाम. पडलेलं पाखरू तोंडात धरून आणायचं, पण दात लागू द्यायचा नाही, एवढीच काय ती विद्या. इथले लोक ती कच्च्या अंड्यावर शिकवतात. सरलाबाईंच्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही, म्हणून रंजन पापडावर शिकला. दोन डबे पापड त्याने खाल्ले, तेव्हा कुठे एक अख्खा दारापर्यंत आला.

"या सोद्याला बघूनच कावळे येत नाहीत. आत बांध त्याला!"

केदार वळला. पट्टा रिकामा होता. वर पाहिलं, तर छपरही रिकामं.

शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या डब्याकडून रंजन डौलात येत होता. तोंडात कावळा. जिवंत. त्याचं डोकं चिप्सच्या पिशवीत अडकलेलं.

केदारने शिकवल्याप्रमाणे हात पुढे केला. रंजन त्याला ओलांडून थेट सरलाबाईंपुढे जाऊन बसला. त्यांनी कावळा हातात घेतला, उलटसुलट पाहिला. एक पीस मोडलेलं नव्हतं. पिशवी ओढून काढली आणि त्याला पानासमोर ठेवला.

कावळा गांगरला. खिरीकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं. मग चटणीत पाय देऊन एक वडा उचलला आणि उडाला.

फोनमधल्या गुरुजींनी हात जोडले.

"आई," केदारने हळूच विचारलं, "असा धरून आणलेला चालतो?"

"न चालायला काय झालं?" सरलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "तुझे बाबा वाढलेल्या पानावर आपणहून कधी आले होते? चाळीस वर्षं कोपऱ्यावर भजी खाताना पकडून आणलेत मी त्यांना."