वेल्डिंग नको
चाकणच्या कारखान्यात तीस वर्षं वेल्डिंग केलेल्या गेनूअण्णांनी आजारी नातीच्या लुळ्या पायासाठी कॅलिपर बनवायला घेतला. पोलाद जड, म्हणून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणल्या. दोन पट्ट्या जोडायची वेळ आली, तेव्हा ड्रिल उचललं. "अण्णा, बोल्ट? बोल्ट लावणारा आळशी, तुमीच म्हणायचा," मुलगा गोरक्ष म्हणाला. "वेल्डिंग मारा की, कायमचं काम हुईल." "कायमचं कसं? हर्षाली वाढंल, तशी पट्टी लांबवाया नको?" गोरक्षनं पट्टी धरून दिली. हर्षाली पुढची दिवाळी बघेल का, याचंही उत्तर डॉक्टरांनी दिलं नव्हतं. अण्णा एकेक भोक पाडत राहिले. वर्षाला एक, अशी पाच झाली. दारातून सून कधीची भोकं मोजत होती. अण्णांनी ड्रिल बंद केलं, तशी ती पुढे आली. उरलेल्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, "अण्णा, हितं अजून जागा हाय."