पुठ्ठे आणि पानं

बहिणीच्या पत्राला त्याने अजून उत्तर दिलं नव्हतं. ते दुकानात, पुस्तकं दाबायच्या यंत्राशेजारच्या खणात पडून होतं आणि त्याला तोंडपाठ होतं. "दादा, तोंडावर नाही म्हणणं तुला जड जाईल, म्हणून लिहिते. तुझी एक किडनी मला देशील का? उत्तर आलं नाही तर मी समजून जाईन. राग धरणार नाही."

द्यायची तर होतीच. पण तो गुपचूप तपासून आला, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "काका, पोट फार सुटलंय. एवढ्या वजनावर मी शस्त्रक्रिया करणार नाही. आधी उतरवा. आमच्या आहाराचं बघणाऱ्या बाईंना भेटून जा."

तो भेटला नाही. न जेवायला शिकवणी कशाला लागते?

जन्मभर पुस्तकं बांधलेला हा माणूस स्वभावाने भित्रा. आज हो म्हणायचं आणि उद्या डॉक्टरांनी नापास केलं, तर तिला काय तोंड दाखवायचं? त्याने ठरवलं, आधी काटा खाली, मग उत्तर. सकाळी कोरा चहा, दुपारी काकडी, रात्री पाणी. काटा भराभर उतरू लागला. त्याला भोवळ यायची, आणि भोवळ आली की बरं वाटायचं.

यंत्राचं चाक मात्र आता त्याला फिरेना. बायको येऊन हात लावायची.

"बाह्या बघा कशा फडफडतायत," ती म्हणाली. "आणि पोटावरचं बटण बिचारं अजून जीव मुठीत धरून बसलंय."

"वजन उतरतंय ना? मग झालं तर."

एका दुपारी ती फोन ठेवून त्याच्यापाशी आली. थट्टेचा सूर नव्हता. "वन्संचा होता. म्हणाल्या, दादाला सांग, मी रागावले नाही. आता फोन करून त्याला अवघडवणार नाही म्हणाल्या."

हो म्हणून टाकावं, असं त्याच्या ओठांवर आलं. पण काटा अजून थोडासा वर होता. त्याने काकडीही सोडली.

काटा ठरल्या जागी आला, त्या सकाळी पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट आणि कोरा कागद खिशात घालून तो दवाखान्यात गेला. वाटेत दोनदा भिंतीला धरून थांबला.

डॉक्टरीणबाईंनी काटा पाहिला. हसल्या नाहीत. पोटाभोवती टेप लावली. मग मुठीची ताकद मोजायचं यंत्र हातात दिलं. त्याने दात आवळून दाबलं. सुई जेमतेम हलली.

"काका, हे काय करून बसलात?"

"वजन उतरवलं. तुम्हीच म्हणाला होतात."

"मला चरबी उतरायला हवी होती. पोटाची चरबी फारशी हललेली नाही. गेलंय ते बरंचसं मांस. उपाशी राहून तुम्ही तुमचेच दंड नि मांड्या खाल्ल्यात. पहिल्यांदा आलात त्याहून आज तुम्ही शस्त्रक्रियेपासून लांब आहात."

तो आपल्या मनगटांकडे पाहत राहिला. पुस्तक हलकं करायला निघाला होता. जाड पुठ्ठे तसेच ठेवून आतली पानं फाडत सुटला होता.

"आता काय करू?"

"जेवा. डाळ, अंडी, दूध, भाज्या. वेळच्या वेळी, बेताने. रोज चाला, झेपेल तेवढं वजन उचला. चरबी सावकाश उतरेल, ताकद परत येईल. पण महिने लागतील."

"तेवढे महिने तिच्याकडे आहेत?"

"डायलिसिसवर निघतील. तिनेही नेट धरायला हवा. तुम्ही द्यायला तयार आहात, हे तिला ठाऊक आहे ना?"

त्याने खिशातल्या पाकिटावर हात ठेवला.

"अहो काका! मग ती नेट धरणार कशाच्या जोरावर?"

खाली उपाहारगृहात त्याने दोन उकडलेली अंडी आणि दूध मागवलं. पहिलं अंडं त्याने सावकाश खाल्लं. त्याला वाटलं, इतके दिवस उपाशी आपण एकटेच नव्हतो, उत्तरावाचून तीही होती. त्याने कागद काढला.

"छोटे, किडनी देणार आहे. तुझं पत्र वाचलं तेव्हाच ठरलं होतं. डॉक्टर अजून हो म्हणत नाहीत, कदाचित म्हणणारही नाहीत. तरी माझ्यासाठी थांब. मी जेवायला बसलोय."

दुसरं अंडं संपवून तो उठला आणि फाटकाबाहेरच्या टपालपेटीत पाकीट टाकून आला.