शाईतला बेनो

"अहो, हा तर आपला बेनो!" अर्नेस्टीन चित्रावर वाकली.

नवऱ्याने स्कॉटलंडच्या जुन्या गेलिक गाण्यातला आंधळा शाहीर शाईने काढला होता. वर ढगांत त्याचे मेलेले वीर, म्हणजे शाई न लावता सोडलेला कोरा कागद. शाहिराचा हात धरलेल्या पोराला मात्र रशियाच्या लढाईवर गेलेल्या त्यांच्या लेकाचा, बेनोचा चेहरा होता.

"गाण्यात हा पोरगा मरतो. पुसून टाका त्याला!"

"शाई कधी पुसली जाते होय? आणि अगं, अजून जिवंतच दाखवलाय त्याला."

तिने सुरी उचलली आणि त्या पोराच्या शाईचा ठिपका न ठिपका खरवडून काढला. मग तिची नजर ढगांवर गेली. शाहिराचा हात धरून आता त्या मेलेल्या वीरांसारखाच एक पांढराफटक पोरगा उभा होता.

तिने दौत पुढे केली. "भरा, आधी भरा त्याला!"

"खरवडलेला कागद शाई धरत नाही गं."