नकाशातली तोफ

युद्धनौकेच्या प्रतिकृतीत एक मिलिमीटर जरी चुकला, तरी तो इतिहासाशी द्रोह ठरतो, असं उदयराव सुर्व्यांचं ठाम मत होतं. या इतिहासावर उद्या गणपती बसवायचा आहे, याची आठवण त्यांना बायकोने करून दिली.

"पुढची तोफ काढा ना. तेवढीच काय ती सपाट जागा आहे."

"नकाशात तोफ आहे."

"मग बाप्पांना काय धुराड्यावर बसवू?"

उदयराव हटेनात. त्यांचे वडील, अप्पा, एकाहत्तरच्या युद्धात याच जहाजावर होते. व्यापारी जहाजांना सोबत करायचं त्याचं काम. पण त्या दिवसांबद्दल अप्पा घरात कधी चकार शब्द बोलले नव्हते. निदान जहाज बघून तरी बोलतील, एवढ्या आशेवर उदयरावांनी नकाशे मागवून पावसाळाभर पुठ्ठा कापला होता.

शेवटी अप्पांनाच हाताला धरून आणलं. त्यांनी चष्मा पुसला, आराशीभोवती सावकाश एक फेरी मारली आणि तोफेवर बोट ठेवलं. उदयराव पुढे सरकले.

"काढ रे ही. आख्ख्या युद्धात एकदा पण उडाली नाही. आम्ही हिच्यावर गंजीफ्रॉक वाळत घालायचो."

मग वाढलेली ताटं पार गार होईपर्यंत अप्पा बोलत राहिले आणि कुणीही जेवायला उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी तोफेच्या जागी बाप्पा बसले. तोफ त्यांच्या पायाशी ठेवली होती आणि तिच्यावर उदयरावांनी स्वतः शिवलेला एक इवलासा गंजीफ्रॉक वाळत घातला होता.

तो प्रमाणापेक्षा चांगला चौपट मोठा होता.