सत्तर पौंड हवा

सायकलचं पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या चकचकीत नळीवर रबराचं बारीक कडं अडुसष्ट मिलिमीटरवर थांबलं होतं. उतारावर फोर्क किती दबला, ते हे कडं दाखवतं. फोर्क आखूड, जास्तीत जास्त ऐंशी मिलिमीटर दबणारा. पावसाळ्याआधी याच उतारावर कडं एकावन्नच्या पुढं गेलं नव्हतं. रचनाने पट्टी पुन्हा लावली. अडुसष्टच.

"बोल की," देवाप्पा वही उघडून म्हणाले. ते फोर्कच्या कारखान्यातले जुने फिटर, रचना तिथले नवे फोर्क चालवून बघणारी. चालवणाऱ्याने आकडा बघायच्या आधी हाताला काय वाटलं ते सांगायचं, हा त्यांचाच नियम. आज तो तिने मोडला होता.

"मऊ हुता. दगड लागलंच न्हाईत."

"लागतील कसं? उसाचा ट्रॅक्टर तुझ्याम्होरं गेला असता."

तेच तर. वजन तेच, पिरनवाडीमागचा उतार तोच, वेग कमी. मग कडं कमी सरकायला हवं होतं.

"आप्पा, फोर्कात हवा किती भरलीसा?"

"सत्तर पौंड. लिवलंय की."

तिने पंप लावला. काटा पन्नासवर थांबला. पंप लावताना दोन-तीन पौंड जातात, वीस नाही.

देवाप्पांनी टोपी काढली. "मनगट मोडल्यापासनं उतरताना तुझं तोंड बघवत न्हवतं गं. म्हणून वाईच हवा सोडत गेलो."

"कवापासनं?"

"दसऱ्यापासनं."

दसऱ्यापासून वहीत तिच्या नावापुढं एकच शेरा होता: हाताला त्रास नाही. त्यावर विसंबून कारखाना नवा फोर्क पक्का करत होता. आणि तिला वाटत होतं, मनगट बरं झालं.

तिने स्वतःच्या हाताने सत्तर पौंड हवा भरली आणि सायकल ढकलत वर नेली.

खाली आली तेव्हा ब्रेकवरची बोटं उघडेनात. देवाप्पांनी ती एकेक करून सोडवली. डॉक्टरांनी सायकल सोडायला सांगून दोन वर्षं झाली होती. तिनेच शिकवलेली पारमिता तिच्या जागी यायला वर्षभर तयार होती. रचना नुसतं 'बघू' म्हणत आली होती.

"काय लिवू?" देवाप्पांनी खाली बघत विचारलं.

"दसऱ्यापासनंचं सगळं खोडा." तिने हेल्मेट काढून त्यांच्या हातात दिलं. "आणि पारमिताला फोन लावा, आप्पा. उद्यापासनं ती चालवंल. मी आता बसणार न्हाय."