मापाचे हातमोजे

सहा वर्षं विजेच्या खांबांवर चढणाऱ्या तिला आज पहिल्यांदाच स्वतःच्या मापाचे रबरी हातमोजे मिळाले. एरवी पुरुषांचे हातमोजे घालायची; बोटांपुढे दोन पेरं रबर लोंबायचं, पाना निसटायचा. गेल्या महिन्यात त्यापायीच शॉक लागता लागता वाचली होती. समानता सप्ताहासाठी साहेबांनी खांबाखाली तिचा फोटो काढला. "महिलांना समान सुरक्षा!" म्हणाले आणि गाडीत बसले. गाडी वळताच स्टोअरकीपरने हात पुढे केला. "द्या ताई. नमुन्याचे आहेत, परत पाठवायचेत." "मग मी काय घालू?" "तेच जुने. इतकी वर्षं काय अडलं तुमचं?" कुठे भोक नाही ना हे पाहायला तिने हातमोज्यांत हवा कोंडून ते कानाशी धरले. कुठेच फुसफूस नव्हती. ते घालून, पट्टा आवळून ती खांबावर चढली. "अहो ताई, हातमोजे!" तो ओरडला. तारेजवळून ती म्हणाली, "वर या ना भाऊ, इथेच काढून देते."